दोन्ही काटे एकदम चढतात तेव्हा

जुन्या गाडीचं इंजिन बिघडलं तर ते आवाज करतं. ब्रेक गेला तर पायाला कळतं. डॅशबोर्डवरचं मीटर बिघडलं तर मात्र ते काही ना काही दाखवतच राहतं, आणि आपण त्यावर भरवसा ठेवून धुळ्याच्या रस्त्याला लागतो. बंद पडलेलं मीटर एक वेळ परवडलं, खोटं दाखवणारं नको, हे माझं पक्कं मत आहे. त्यामुळे जळगावच्या पिंप्राळ्यातल्या एका गॅरेजमध्ये मामा-भाचीत याच विषयावरून जुंपली तेव्हा मी तिथून हललो नाही.

मामांचं आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलं. भाचीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, नव्या गाड्यांचे ईसीएम ती दुरुस्त करते. दोघांच्या मध्ये उभी होती ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३. परदेशी वकिलातींच्या जुन्या गाड्या पूर्वी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्याच वाटेने ही मुंबईत आली आणि हात बदलत बदलत रावेरकडच्या एका केळी बागायतदारांकडे पोचली. खानदेशात अशी गाडी विरळाच, पण मामांना ती परकी नव्हती. स्पिटफायर १९६२ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत निघाली ती ट्रायम्फ हेराल्डचीच चासी आखूड करून, आणि दोन्ही गाड्यांचं रूप जोव्हानी मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाने रेखलं. तीच हेराल्ड १९६१पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स बनवत होती. डॉक्टर-वकिलांच्या हेराल्ड गाड्यांवर मामांचा हात बसला होता. पुढचा सगळा पत्रा बोनेटसकट उचलून इंजिनाशेजारी चाकावर बसून काम करायचं, ही सवय त्यांना तेव्हापासूनची.

तक्रार अशी होती की गाडी तापते. दुसऱ्या एका गॅरेजने रेडिएटरची कोअर बदलायला सांगितली होती, आणि मालक त्याला तयारही झाले होते.

मामा : रेडिएटरचं मग बघू. टेंपरेचरचा काटा चढतो, तेव्हा पेट्रोलचा कुठे असतो?

भाची : फुल्लच्या पुढे. टाकी जेमतेम अर्धी आहे, मी काडी टाकून बघितली.

मामा : मग झालं की! पेट्रोल आणि पाणी एकाच वेळी एकाच बाजूला बिघडत नसतात. टाकी मागे, थर्मोस्टॅट पुढे. दोघांचा संबंध येतो फक्त डॅशबोर्डच्या मागे.

भाची : पण मामा, गाडी खरंच तापत नसेल कशावरून? मे महिना आहे, बाहेर पंचेचाळीस अंश. दोन दोष एकदम असू शकतात. मी आधी थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरते.

तिने धरलं. ब्याऐंशी अंशांचा थर्मोस्टॅट, आणि आकडा त्याच्या आसपासच खेळत होता. काटा मात्र ‘एच’ला टेकलेला. इथे मला दोघांचाही पटलेला मुद्दा वेगळा काढून सांगावासा वाटतो. मामांनी लक्षणं जुळवून जागा ओळखली, भाचीने त्या जागेकडे जाण्याआधी गाडी सुरक्षित आहे याची खात्री केली. जळगावच्या उन्हाळ्यात ही खात्री न करता ‘मीटर खोटं आहे’ म्हणणं म्हणजे हेड गॅस्केट पणाला लावणं.

डॅशबोर्डमागे काय असतं ते थोडं सांगायला हवं. त्या काळच्या स्मिथ्सच्या पेट्रोल आणि टेंपरेचर मीटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते, तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते, काटा ढकलते. म्हणून चावी फिरवल्यावर काटा झटकन उठत नाही, सावकाश चढतो, आणि खड्ड्यातून जाताना टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं तरी थरथरत नाही. पण पट्टी तापण्यावर सगळं अवलंबून असल्यामुळे व्होल्टेज वाढलं की वाचन वाढणार. गाडीत तर ते कधी बारा, कधी चौदा. त्यावर तोडगा म्हणून एक लहान पत्र्याची डबी बसवली जाते, तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. डबीच्या आतही तशीच पट्टी आणि तिच्या टोकाला पॉइंट. पट्टी तापली की पॉइंट उघडतो, निवली की मिटतो. सतत उघडझाप होऊन मीटरांना सरासरी दहा व्होल्ट मिळतात. डबीतल्या पट्टीची तार तापायला करंटला परतीची वाट लागते, आणि ती वाट डबीच्या पत्र्यातून, स्क्रूमधून, बॉडीच्या अर्थला जाते. ही वाट तुटली तर पट्टी कधी तापतच नाही, पॉइंट कधी उघडतच नाही, आणि दोन्ही मीटरांना बॅटरीचं सगळं व्होल्टेज मिळत राहतं.

भाची : स्टॅबिलायझरच्या ‘आय’ टर्मिनलवर मीटर लावलं. इंजिन चालू असताना साडेतेरा, आणि आकडा स्थिर. दहा नाही.

मामा : तुझं हे डिजिटल मीटर इथे उपयोगाचं नाही. स्टॅबिलायझर चांगला असता तरी त्यावर तुला दहा दिसले नसते. बारा, शून्य, सात, बारा, असं काहीबाही नाचलं असतं. टेस्ट बल्ब लाव. मिचमिचला तर स्टॅबिलायझर जिवंत, एकसारखा जळत राहिला तर मेलेला.

भाची : बल्ब एकसारखा जळतोय हे तुम्ही म्हणणार, आकडा साडेतेरावर थांबलाय हे मी म्हणते. निदान तेच आहे. फरक एवढाच, की व्होल्टेज किती जास्त आहे हे माझ्याकडे लिहून ठेवता येतं.

दोघांनीही आपलं आपलं करून बघितलं. बल्ब न लुकलुकता जळत होता. मग मामांनी हाताएवढी वायर घेतली, एक टोक डबीच्या पत्र्याला, दुसरं चासीवर घासून स्वच्छ केलेल्या जागी. थोड्या वेळाने बल्ब मिचमिचायला लागला. काही न बोलता त्यांनी स्क्रू सोडला. डबीच्या खाली चकचकीत काळा रंग होता. गाडी रंगवताना कुणीतरी डॅशबोर्डमागचा पत्राही मन लावून रंगवला होता, आणि स्टॅबिलायझर त्या रंगावर बसवला होता. पॉलिश पेपरने एवढीशी जागा घासली, दातेरी वॉशर टाकला, स्क्रू आवळला. दोन्ही काटे सावकाश खाली आले.

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. वाद खरा इथून पुढे पेटला.

भाची : आता हा स्टॅबिलायझर फेकून द्या. साठ वर्षांपूर्वीचं तंत्र आहे, पॉइंटवर कार्बन धरणार, पुन्हा चिकटणार. ७८१० नावाची तीन पायांची चिप येते, एक पाय इनपुट, मधला अर्थ, तिसऱ्यावर सरळ दहा व्होल्ट. इनपुट-आउटपुटला एकेक कपॅसिटर. विषय संपला.

मामा : संपला कसा? ह्या गाडीवर डायनॅमो आहे, अल्टरनेटर नाही. रात्री लाइट चालू, रेल्वे फाटकावर गाडी न्यूट्रलला थांबली, तर बॅटरीवर साडेअकरा व्होल्ट दिसतील. तेव्हा तुझी चिप काय देईल?

भाची : (थांबून) तिला इनपुट आउटपुटपेक्षा दोनेक व्होल्ट जास्त लागतं. साडेअकराला साडेनऊच्या आसपास निघतील.

मामा : म्हणजे काटे बसणार. अन् जुना स्टॅबिलायझर काय करेल? करंट कमी पडला की त्याची पट्टी उशिरा तापेल, पॉइंट जास्त वेळ मिटलेला राहील, सरासरी दहाच्या दहा. ते बनवणाऱ्याने डायनॅमो डोक्यात धरूनच बनवलंय.

भाची : बरोबर. मग ७८१० नको, लो ड्रॉपआउटची घेऊ, एलएम २९४०चा दहा व्होल्टचा प्रकार. तिला अर्ध्या-पाऊण व्होल्टाची तफावतही पुरते. आणि डबी जुनीच ठेवू, आतली पट्टी काढून चिप आत बसवू. बाहेरून कुणाला कळणारही नाही.

तिला उत्तर सापडलं याचा मला आनंद झाला, पण ते मामांच्या प्रश्नामुळे सापडलं, हेही तितकंच खरं. मामा मात्र डबी उघडायला राजी नव्हते. त्यांचं म्हणणं, अर्थ गेला होता, स्टॅबिलायझर गेला नव्हता. जो भाग बिघडलाच नाही तो बदलून दुरुस्ती होत नाही.

भाची : तुम्ही नियमावर जाताय का? २०२१च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले, पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पण त्यात चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको एवढंच आहे. अंगठ्याएवढ्या चिपने काही अडत नाही.

मामा : नियमाचं नाही म्हणत. अजून वीस वर्षांनी कुणीतरी हा डॅशबोर्ड उघडेल. डबी बघून त्याला वाटेल आत पट्टी आहे. बल्ब लावेल, बल्ब मिचमिचणार नाही, म्हणेल स्टॅबिलायझर गेला. तुझी चिप चांगली असूनही तो तिला फेकेल. बाहेर एक, आत दुसरं, हे मला चालत नाही.

भाची : मग डबीवर लिहून ठेवते. आत चिप आहे, कोणती, कधी बसवली.

यावर मामा गप्प झाले. माझा कौल विचाराल तर मी इथे भाचीच्या बाजूचा आहे, पण त्या लिहिलेल्या ओळीसकट. जुन्या गाड्यांचा अर्धा छळ हा आधीच्या हातांनी न सांगता केलेल्या बदलांचा असतो.

पुढची भानगड दोन दिवसांनी, गाडी फिरवल्यावर उघडी पडली. पेट्रोलचा काटा व्यवस्थित उतरत होता, पण पाव टाकीच्या जवळ आला की एकदम शून्यावर पडायचा, आणि थोडं अंतर गेल्यावर परत उठायचा. उन्हाळ्यात आपल्याकडे हे फार फसवं आहे. दुपारच्या उन्हात पेट्रोल इंजिनाच्या पंपातच उकळून वाफ धरली की गाडी पेट्रोल संपल्यासारखीच आचके देत बंद पडते. काटाही त्याच वेळी शून्यावर असेल तर माणूस डबा घेऊन पेट्रोल पंप शोधत पायी निघतो, आणि खरं औषध असतं इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं सावलीत बसणं. मीटर खरं असेल तर दोन्हींतला फरक बसल्या जागी कळतो.

मामा : टाकीजवळची हिरवी-काळी वायर काढ. काटा शून्यावर आला पाहिजे. मग ती वायर क्षणभर बॉडीला लाव, काटा फुल्लकडे निघाला पाहिजे. निघाला की लगेच काढ, धरून ठेवलीस तर मीटरची तार जळेल.

भाची : आणि ठिणगी? टाकी सीटच्या मागेच आहे, मामा. पेट्रोलच्या वाफेशेजारी मी वायर घासणार नाही. मी साठ-सत्तर ओमचा रेझिस्टर घालून बघते, तोही वायरच्या डॅशबोर्डकडच्या टोकाला. काटा मधोमध आला की मीटर बरोबर, आणि जळायची भीती नाही.

मामांनी हे लगेच मान्य केलं. मला वाटतं, या संबंध बोलण्यात त्यांनी विनाअट मान्य केलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती मान्य करण्याजोगीच होती. काटा मधोमध आला. म्हणजे मीटर आणि स्टॅबिलायझर ठीक. वायर सलग आहे हे तिने वेगळं तपासलं. राहिला टाकीतला फ्लोट.

फ्लोट टाकीतून काढून बाकावर ठेवला तो क्षण बघण्यासारखा होता. पितळी डबीत बंद केलेली तारेची बारीक गुंडाळी, तिच्यावरून सरकणारं एक नाजूक बोट, आणि बोटाला जोडलेला दांडा. रिकाम्या टाकीला साधारण अडीचशे ओम, भरलेल्या टाकीला वीस-पंचवीस. भाची दांडा सावकाश वर नेत होती, आकडा उतरत होता, आणि एका जागी मीटरवर आकडाच नाहीसा झाला. पुन्हा खाली, पुन्हा तिथेच. भिंग धरलं तर गुंडाळीवर हिरवट डाग, आणि डागाखाली दोन वेढे तुटलेले. गाडी वर्षानुवर्षं थोड्या पेट्रोलवर उभी राहिलेली. बोट जिथे थांबून होतं नेमकं तिथेच गुंडाळीने गंज धरला होता.

भाची : नवा फ्लोट इंग्लंडहून येतो. या गाड्यांचे भाग अजून बनतात तिथे. मागवा.

मामा : मागवलेला फ्लोट या मीटरशी जुळतोच असं नाही. नवी गुंडाळी, जुना काटा, अर्ध्या टाकीला पाऊण दाखवेल. मी ही गुंडाळी पुन्हा भरतो. तार मिळते, वेढे मोजता येतात.

भाची : तुम्ही भराल हो. पण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी उभी राहिली की पुन्हा गंज. नवा घेतला तरी गंज, जुना भरला तरी गंज. मालकांना सांगायचं ते एवढंच, की गाडी उभी ठेवायची नाही.

इथे मामांचं कौशल्य मी नाकारत नाही, पण माझा जीव भाचीच्या शेवटच्या वाक्यात अडकला. मीटर दुरुस्त करणारा गॅरेजवाला, पण ते शाबूत ठेवणारा मालक. गुंडाळी शेवटी मामांनीच भरली, कारण पार्सल यायला आषाढी उजाडली असती, आणि आषाढीच्या रथोत्सवाच्या गर्दीत पिंप्राळ्यातून गाडी बाहेर काढायचा विचारही कुणी करत नाही.

टेंपरेचरच्या मीटरची परीक्षा मात्र दोघांनी मिळून घेतली, आणि ती मला सगळ्यांत आवडली. सेन्सर इंजिनातून काढला. भाचीने त्याच्या आट्यांवर आधीच्या कुणी गुंडाळलेली पांढरी टेप खरवडून टाकली. टेपने गळती थांबते, पण सेन्सरचा अर्थही त्याच आट्यांतून जातो, हे विसरलं जातं. हिरवी-निळी वायर लांब करून सेन्सर उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडला, त्याचं अंग वायरने चासीला बांधून. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटरवर, म्हणजे पाणी नव्याण्णवच्या पुढे उकळतं. आकड्यांऐवजी नुसतं ‘सी’ आणि ‘एच’ असलेल्या मीटरवर काटा जिथे थांबला तिथे काचेवर मामांनी चिकटपट्टीची बारीक खूण केली. मग पाणी निवत गेलं, ब्याऐंशीला दुसरी खूण. मालकांना सांगितलं, पहिल्या खुणेजवळ काटा गेला की गाडी बाजूला घ्यायची. रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला असल्यामुळे पाणी लगेच उकळणार नाही, पण वाट बघायची नाही. आणि गरम झाकण उघडायचं नाही.

मामा : अन् एक गोष्ट काट्यांपेक्षा मोठी. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर लोक खूश होतात, म्हणतात ऑइल बरोबर आहे. बल्ब गेलेला असतो. या गाडीला ऑइल प्रेशरचं मीटर नाही, तो दिवाच सगळं. स्टार्टर मारायच्या आधी रोज बघायचा.

भाची : म्हणूनच मी म्हणते प्रेशरचं मीटर लावू, डॅशबोर्डच्या खाली, चार स्क्रूंवर. काढलं तरी खूण राहणार नाही. दिवा लागतो तो प्रेशर जवळजवळ संपल्यावर. मीटर आधीपासून सांगतं.

मामा : लाव. ते मी स्वतः लावतो.

जुन्या गाडीला मूळ रूपात जपण्याची मामांची भूमिका इथे का सैल झाली, याचा मी बराच विचार केला. मला दिसतं ते असं, की त्यांचं प्रेम डॅशबोर्डच्या दर्शनी रूपावर कमी आणि इंजिनाच्या बेअरिंगवर जास्त आहे. दहा व्होल्टांच्या चिपला नकार देणारा माणूस ऑइलच्या बाबतीत एका शब्दात तयार होतो, तेव्हा तो काय जपतोय ते कळतं.

उरला स्पीडोमीटर. त्याचा काटा चाळीसच्या खाली थरथरत होता. हे मीटर विजेवर चालत नाही. गिअरबॉक्समधून आलेली केबल आत एक चुंबक फिरवते, चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीला ओढतो, आणि वाटीला केसाएवढी स्प्रिंग मागे खेचते. थरथर बहुतेक वेळा केबलची असते, मीटरची नव्हे. मामांनी केबल ओढून काढली, पुसली, खालच्या भागाला हलकं ग्रीस लावलं, आणि वरची वीतभर कोरडी ठेवली, नाहीतर ग्रीस चढत चढत वाटीत जातं. डॅशबोर्डमागे केबलला आलेला तिढा भाचीने मोठ्या वळणाने सोडवला.

मग प्रश्न आला मैलांचा. डायल मैलांची, रस्ता किलोमीटरचा. भाचीला काचेच्या आतून किलोमीटरची पारदर्शक पट्टी बसवायची आहे, मामांना डायलला हात लावू द्यायचा नाही. यावर त्यांचं अजून जमलेलं नाही. तोवर बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडून पाळधीच्या बाजूला सकाळी रस्ता मोकळा असताना गाडी न्यायची, काटा चाळीसवर धरायचा, आणि लागोपाठच्या दोन किलोमीटर-दगडांमधला वेळ घड्याळावर मोजायचा असं ठरलं. छप्पन्न सेकंद लागले तर मीटर बरोबर. कमी लागले तर गाडी दाखवते त्यापेक्षा जोरात पळतेय, आणि मग आधी टायरचा आकार मूळ गाडीचाच आहे का ते बघायचं. घड्याळ भाची धरणार आहे, गाडी मामा चालवणार आहेत.